शंभर रुपयांची कपात

मार्गशीर्ष लागला, संत्र्यांच्या गाड्या रस्त्यांच्या कडेला उभ्या राहू लागल्या आणि सिव्हिल लाइन्समधील झाडांच्या बुंध्यांवर गेरू-चुन्याचे पट्टे चढू लागले, की विधिमंडळाचे अधिवेशन जवळ आले हे आम्हा नागपूरकरांस वर्तमानपत्र उघडल्यावाचूनही कळते. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने वर्षातून निदान एक अधिवेशन येथे भरविण्याचे वचन विदर्भास दिले, आणि त्या वचनाची जी काही पूर्तता व्हावयाची ती थंडीच्या थोड्या दिवसांत उरकून घेण्याचा शिरस्ता पडून गेला आहे. एवढ्या दिवसांपुरते रस्त्यांचे खड्डे बुजतात, आमदार निवासाच्या खोल्यांना रंग लागतो, रामगिरी आणि देवगिरी या बंगल्यांची डागडुजी होते; आणि आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांच्या ओसरीवर, सकाळच्या कोवळ्या उन्हात, दरसाल न चुकता एक जुना वाद नव्याने उभा राहतो.

वादाचे पक्षकार दोन. वकीलसाहेबांची हयात दिवाणी दावे चालविण्यात गेली, आणि मूळ दस्तऐवज पाहिल्याशिवाय कोणत्याही विधानावर विश्वास ठेवावयाचा नाही ही त्या धंद्याची सवय त्यांच्या स्वभावात मुरली आहे. आबा कोषागारात कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि उपकोषागार अधिकारी होऊन निवृत्त झाले. कोणतीही रक्कम कानी पडली की ती कोणत्या लेखाशीर्षाखाली खर्ची पडली हे विचारल्याखेरीज त्यांना चहा गोड लागत नाही. मी तिसरा, माझे काम ऐकावयाचे, आणि आवाज फारच चढले तर चहाचा दुसरा फेरा मागवावयाचा.

त्या दिवशी सुरुवात वकीलसाहेबांनी केली. "आबा, अर्थसंकल्प या शब्दात संकल्प आहे. पूजेस बसलेला यजमान हातावर पाणी घेऊन संकल्प सोडतो, तो एकदा. आरतीपूर्वी उठून 'आणखी एक राहिला होता' असे तो भटजींस सांगत नाही. आता आपला हिशेब पाहा. २८ जून २०२४ रोजी ६,१२,२९३ कोटी रुपये खर्चाचा अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला, आणि पंधरवडा उलटण्याच्या आत ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या सभागृहापुढे आल्या. म्हणजे मूळ खर्चाच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतकी रक्कम दोन आठवड्यांपूर्वी कोणास आठवलीच नव्हती! पुढच्या साली ७,००,०२० कोटींचा अर्थसंकल्प, आणि जूनअखेर पुन्हा ५७,५०९ कोटींची पुरवणी. ज्या घरात महिन्याच्या दहा तारखेस बायको दुसऱ्यांदा वाणसामानाची यादी देते, त्या घरातला कर्ता निदान कपाळावर आठी तरी घालतो. आमच्या सभागृहास ती आठीही पडत नाही."

आबांनी चष्मा पुसला. ते पुसतात तेव्हा ते खवळलेले नसून सावध झालेले असतात, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. "वकीलसाहेब, पुरवणी मागणी हा काही चोरदरवाजा नव्हे. राज्यघटनेच्या २०५ व्या अनुच्छेदाने ती वाट बांधून दिलेली आहे. पूर येतो, न्यायालयाचा निवाडा येतो, केंद्राच्या योजनेत राज्याचा हिस्सा घालावा लागतो. शिवाय त्या आकड्यात काही रक्कम नुसती जमाखर्चाची असते. निव्वळ भार त्याहून कमी पडतो. तुम्ही ठोक बेरीज वाचता आणि भडकता."

"पूर आला तर मी भडकणार नाही. परंतु २०२४ साली पूर कोठे आला होता? लाडक्या बहिणींस दरमहा दीड हजार रुपये देण्याची घोषणा ज्या भाषणात झाली, त्याच भाषणाच्या आकड्यांत तिचा पैसा नव्हता. तो मागाहून पुरवणीतून आला. वर्षास ४६,००० कोटींची योजना! हा निसर्गाचा कोप नव्हता, आबा, ही निवडणुकीची चाहूल होती."

"आणि त्या दीड हजारांनी एखाद्या बाईच्या घरात पहिल्यांदा तिच्या नावचे पैसे आले, हे तुम्ही जमेस धरणार की नाही?"

"धरतो. माझा प्रश्न देण्याविषयी नाहीच. पैसा कोठून काढणार, कोणती बाब त्यासाठी मागे ठेवणार, पात्र कोण हे आधी पडताळणार की वाटून झाल्यावर, हे विचारण्याचा अधिकार ज्या २८८ जणांस मी दिला, त्यांच्यातील कितीजणांनी तो वापरला? पडताळणी पुढे झाली, तेव्हा सरकारी नोकरीतील स्त्रियाही यादीत निघाल्या. आणि २०२५-२६ मध्ये तीच तरतूद ३६,००० कोटींवर आणली. तेवढी सुधारणा आधीच सभागृहात का होऊ नये?"

येथे आबा हसले, आणि त्यांनी कपात सूचनांचे शास्त्र उलगडण्यास आरंभ केला. ते मी जसे ऐकले तसे देतो, कारण नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत ते असते आणि तरीही कोणास ठाऊक नसते. राज्यघटनेच्या २०३ व्या अनुच्छेदाप्रमाणे मागणी मान्य करणे, ती नाकारणे अथवा तिच्यातील रक्कम कमी करून मान्य करणे, एवढे तीन अधिकार विधानसभेस आहेत. वाढविण्याचा अधिकार नाही. वकीलसाहेबांच्या शब्दांत सांगावयाचे तर घटनेने सभागृहाच्या हाती कात्री दिली, सुईदोरा दिला नाही. व्याजासारखा भारित खर्च या कात्रीखाली येतच नाही. उरतो तो दत्तमत, म्हणजे विधानसभेच्या मताने मंजूर व्हावयाचा खर्च. त्या दत्तमत खर्चावर जी कपात सुचवावयाची तिचे संसदीय प्रघातात तीन प्रकार मानतात. धोरणच नापसंत असेल तर मागणी एक रुपयावर आणावी असे सुचवितात; काटकसर साधावयाची असेल तर नेमकी रक्कम सांगून तेवढी कमी करण्यास सांगतात; आणि एखाद्या विवक्षित गाऱ्हाण्यास वाचा फोडावयाची असेल तर शंभर रुपयांची लाक्षणिक कपात सुचवितात.

"आता यांपैकी काटकसरीची जी दुसरी जात," आबा म्हणाले, "ती वाघासारखी झाली आहे. पुस्तकातल्या चित्रात आहे, जंगलात दिसत नाही. दिसते ती तिसरी. आणि तिची गंमत सांगू? आमदार लिहून देतात की मागणी शंभर रुपयांनी कमी करावी, आणि उठून भाषण करतात ते आमच्या तालुक्यास पूल नाही, ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर नाही, वसतिगृहाचे बांधकाम अडले आहे, याचे. कागदावर शंभर रुपये कमी मागावयाचे आणि तोंडाने पाच कोटी जास्त! माझ्या सगळ्या नोकरीत कपातीच्या नावाने झालेली अशी वाढीची मागणी दुसरी पाहिली नाही."

वकीलसाहेबांस हे ठाऊक नसावे, कारण ते क्षणभर गप्प झाले. मग, पक्षकाराच्या साक्षीने दावा बिघडतो आहे असे दिसताच वकील जसा जुन्या निवाड्याकडे वळतो, तसे ते गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे वळले.

"२६ मार्च १९०२. कलकत्त्याचे वरिष्ठ कायदेमंडळ. अंदाजपत्रकावर बोलावयाची मुभा होती, मत देण्याचा अधिकार नव्हता. एक पैसा कमी करण्याची ताकद त्या खुर्चीत नव्हती. तरी हा मनुष्य उभा राहिला आणि म्हणाला, तुमची शिल्लक ही भरभराटीची खूण नव्हे. दुष्काळात पिचलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा अधिक कर घेतल्याची ती खूण आहे. लष्कराचा खर्च, मिठावरील कर, विनिमयाचा दर, सारे त्याने सरकारच्याच कागदांतून काढून सरकारपुढे मांडले. मिठाचा कर तेव्हा मणास अडीच रुपये होता. १९०३ साली तो दोन झाला, १९०५ साली दीड, १९०७ साली एक. सगळे श्रेय मी गोखल्यांस देत नाही, पण अभ्यासाचा धाक म्हणून काही असतो की नाही? त्यांच्याजवळ कात्री नव्हती, त्यांची जीभच कात्रीचे काम करी. यांच्याजवळ कात्री आहे आणि ती गंजत पडली आहे."

"फार चांगले," आबा म्हणाले. "आता त्याच गोखल्यांचे १९११ सालचे विधेयक आठवा. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे म्हणून ते आणले. त्याने खर्च कमी होणार होता की वाढणार होता? वाढणार होता, आणि सरकारच्या विरोधामुळे ते विधेयक पुढच्या वर्षी पडले. गोखले काटकसरवाले नव्हते, वकीलसाहेब. लष्करावरचा पैसा शाळेवर जावा असे म्हणणारे होते. तुम्ही त्यांच्या हाती कात्रीच तेवढी देता आणि पाटी काढून घेता."

हा घाव वर्मी बसला, आणि मला वाटते न्याय्यही होता. खर्च कमी व्हावा असे म्हणणाऱ्यांचा मोठा घोटाळा येथेच होतो. ते खर्च या शब्दाचा एकच ढीग करतात आणि त्यातून ओंजळभर उपसावयास सांगतात. पण वकीलसाहेब माघार घेणारे नव्हेत. ते म्हणाले, "मान्य. मग निवड करणे म्हणजेच तर कपात. एक बाब मोठी करावयाची तर दुसरी लहान केली पाहिजे. ती निवड सभागृहात होते असे तुम्ही मला दाखवा."

आबांनी ते दाखविले नाही. दाखविता येणारे नव्हतेच. मागण्यांवरील चर्चेचे दिवस ठरलेले असतात आणि शेवटच्या दिवशी उरलेल्या साऱ्या मागण्या एकदम मतास टाकल्या जातात. या विधीस गिलोटिन म्हणतात. फ्रान्सात त्या यंत्राने माना उडत. आमच्या सभागृहांत ते चर्चेचीच मान उडविते, खर्चाच्या केसासही धक्का लावीत नाही. १४ मार्च २०१८ रोजी लोकसभेने सगळ्या देशाच्या मागण्या आणि वित्त विधेयक गोंधळात, चर्चेवाचून, अर्ध्या तासाच्या आत-बाहेर संमत केले. एखाद्या पतपेढीच्या वार्षिक सभेत चहाच्या बिलावर याहून अधिक वेळ जातो, हे मी स्वतः बसून पाहिलेले आहे.

"याचे कारण आमदार आळशी आहेत हे नव्हे," आबा म्हणाले, आणि या ठिकाणी त्यांच्या आवाजात प्रथमच खेद होता. "कारण तुमच्या कायद्यात आहे. सरकारची मागणी एक रुपयाने जरी कमी झाली तरी तो सरकारचा पराभव समजतात. म्हणजे सत्तारूढ पक्षाच्या सभासदाने बांधकाम खात्याची उधळपट्टी नको म्हणून हात वर केला, तर त्याने सरकार पाडल्यासारखे होते. त्यावर १९८५ साली राज्यघटनेची बावन्नावी दुरुस्ती आली. पक्षादेश मोडून मत दिले तर सभासदत्वच जाते. घोडेबाजार थांबावा हा हेतू होता, आणि तो वाईट होता असे कोण म्हणेल? पण घोड्यांचा बाजार थांबविताना घोड्यांस झापडेही लागली. मग उरला विरोधी पक्ष. त्याच्याजवळ संख्या नाही. आणि संख्या येते तेव्हा तो विरोधी राहत नाही."

"लोकलेखा समिती आहे."

"आहे. महालेखापरीक्षकांचा अहवाल वाचते, सचिवांस बोलावते, कडक शब्द लिहिते. पण कधी? पैसा जाऊन वर्षे लोटल्यावर. ती उत्तरीय तपासणी आहे, वकीलसाहेब. तुम्हांस वैद्य पाहिजे."

मी दुसरा चहा मागविला. तो येईपर्यंत वकीलसाहेबांनी आमदारांच्या वेतनाचा विषय काढला, आणि तो निघणारच होता. कराची काँग्रेसने १९३१ साली पगाराची मर्यादा पाचशे रुपये ठरविली, आणि १९३७ साली याच नागपुरात डॉ. ना. भा. खऱ्यांचे मंत्रिमंडळ आले तेव्हा ती मर्यादा मंत्र्यांनी पाळली. आणि ऑगस्ट २०१६ मध्ये आमच्या विधिमंडळाने आपल्याच वेतनवाढीचे विधेयक चर्चेवाचून संमत केले, ही तुलना त्यांनी मोठ्या चवीने केली. आबांनी ती पाच वाक्यांत निकालात काढली. दोन्ही सभागृहांचे मिळून ३६६ सभासद. त्यांचे सारे वेतन बंद केले तरी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातील ४५,८९१ कोटींच्या महसुली तुटीपुढे ते डोंगरातून खडा उचलल्यासारखे आहे. करोनाच्या वर्षी तीस टक्के वेतन कापलेही होते. त्याने राज्य तरले नाही. वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच महसुली खर्चाचा निम्म्याच्या आसपासचा भाग जातो. "आणि त्या निवृत्तिवेतनावर," ते म्हणाले, "मी हा तुमचा चहा पीत बसलो आहे."

"मग कपात होऊच शकत नाही, असे तुमचे म्हणणे?"

"झालेली मी पाहिली आहे. ४ मे २०२० चा वित्त विभागाचा शासन निर्णय काढून वाचा. टाळेबंदीत महसूल आटला, तेव्हा विकासखर्चाच्या तरतुदींपैकी तेहतीस टक्केच मिळतील, बाकी सदुसष्ट टक्के विसरा, नवी भरती नाही, असा हुकूम एका कागदाने सुटला. महाराष्ट्राने पाहिलेली एवढी मोठी कात्री, आणि ती चालविली मंत्रालयातल्या एका विभागाने. अधिवेशनात वाद घालून जी रक्कम मंजूर केली ती एका परिपत्रकासरशी तिसऱ्या हिश्श्यावर आली, आणि आमदारांस ती वर्तमानपत्रांतून समजली."

वकीलसाहेब खुर्चीत पुढे सरकले. "आबा, ही तुमची साक्ष माझ्या बाजूची आहे! कपात करण्याचा अधिकार सभागृहाचा, आणि कपात करतो तो वित्त विभाग. मग सभागृहाने मंजूर केले काय? आशा?"

"तरतूद," आबा शांतपणे म्हणाले. "तरतूद म्हणजे पैसा नव्हे, हे कोषागाराच्या खिडकीशी उभे राहिल्याशिवाय कळत नाही. मंजूर केलेले सगळे खर्चासाठी सोडतातच असे नाही. वर्षभर निधी अडकवून ठेवायचा आणि मार्चअखेरीस सोडायचा. मग एकतीस तारखेच्या रात्री देयकांच्या थप्प्या येतात. पैसा व्यपगत होऊ नये म्हणून तो काढून स्वीय प्रपंजी लेख्यात नेऊन ठेवायचा. कागदावर खर्च झाला, प्रत्यक्षात झालाच नाही. दुसरीकडे कामाचे आदेश देऊन बसायचे आणि कंत्राटदारांची देयके थकवायची. त्यालाही लोक काटकसर म्हणतात! ती काटकसर नव्हे. किराणा दुकानातली उधारी आहे. तुम्ही खर्च वाढला म्हणून रडता. मला रडू येते ते याचे, की खर्च नक्की किती झाला हे सांगणारा आकडा वर्षातून चार वेळा बदलतो, आणि सभागृहात कोणी विचारीत नाही की खरा कोणता."

माझ्या मते या सकाळचे सर्वांत मोलाचे वाक्य हेच होते. कपात न होणे हा रोगाचा एक विकार. मूळ रोग असा की ज्याने विचारावयाचे त्याने विचारणे सोडले, आणि त्यामुळे मंजूर करणे आणि नामंजूर करणे या दोहोंसही किंमत राहिली नाही. १९२३ साली दिल्लीच्या मध्यवर्ती सभेने मिठावरील कर दुप्पट करण्यास नकार दिला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांस आपला खास अधिकार वापरून तो कर प्रमाणित करावा लागला. सभा हरली, हे खरे. पण तिला डावलण्यासाठी सरकारास उघड पाऊल टाकावे लागले. आज डावलण्याचीही तसदी घ्यावी लागत नाही.

मात्र येथेच थांबलो असतो तर वकीलसाहेब जिंकले असे झाले असते, आणि आबांस ते खपले नसते. "आता मला सांगा," ते म्हणाले, "हे नागपूरचे अधिवेशन. सारे मंत्रालय गाड्यांत भरून येथे आणायचे, चार दिवस राहायचे, परत न्यायचे. हा खर्च कापू या?"

"तो करार आहे," वकीलसाहेब ताडकन म्हणाले. "विदर्भ त्या अटीवर आला."

"आणि विकासाचा अनुशेष?"

"तो तर भरलाच पाहिजे. दांडेकर समितीने १९८४ साली ३,१८६ कोटींचा अनुशेष मोजून दिला, त्यानंतर त्याचे काय झाले हे तुम्हीच—" आणि ते थांबले. आबांच्या चेहऱ्यावर हसू नव्हते. म्हणूनच थांबले असावेत.

"मुंबईचा मनुष्य म्हणेल अधिवेशन कापा. सांगलीचा म्हणेल विदर्भाचे सिंचन कापा. तुम्ही म्हणाल मुंबईची मेट्रो कापा. माझा मुलगा २००५ नंतर नोकरीस लागला, तो जुन्या निवृत्तिवेतनासाठी २०२३ च्या संपात होता. त्याला मी काय सांगू? वकीलसाहेब, तुमच्या पिशवीत तो निळा कागद कसला आहे?"

पिशवीत निवेदन होते. आमच्या वाचनालयाच्या नव्या सभागृहासाठी आमदारांच्या स्थानिक विकास निधीतून पंचवीस लाख रुपये मिळावेत, म्हणून वकीलसाहेब दुपारी आमदार निवासात जाणार होते. निवेदनाखाली पहिली सही त्यांची, आणि लपविण्यात अर्थ नाही, तिसरी माझी.

"होय, मागतो आहे," वकीलसाहेब म्हणाले. ते लाजले नाहीत, आणि त्यामुळे त्यांच्याविषयीचा माझा आदर वाढला. "मी मागणारच. मागणे हे मतदाराचे काम आहे. पोर आईजवळ लाडू मागते म्हणून पोर चुकले असे आपण म्हणत नाही. डबा फळीवर किती उंच ठेवायचा हे आईने ठरवायचे असते. मी निवडून दिलेला मनुष्य मला असा पाहिजे की तो माझे निवेदन वाचील आणि म्हणेल, वकीलसाहेब, तुमच्या वाचनालयाजवळ जुने सभागृह आहे, त्याचे छप्पर नीट करा, पाच लाखांत भागते. मी संतापेन. घरी येऊन त्याला शिव्या देईन. पण मला नाही म्हणण्यासाठीच मी त्याला तेथे धाडला आहे, आणि तो एकालाही नाही म्हणत नाही, हीच माझी फिर्याद."

"आणि पुढच्या निवडणुकीत मत?"

वकीलसाहेबांनी उत्तर दिले नाही. बराच वेळ रस्त्यावर झाडास चुना लावणाऱ्या मजुराच्या ब्रशाचा आवाज तेवढा येत राहिला.

मग आबांनी हात पुढे केला आणि निवेदनासोबतचे अंदाजपत्रक मागून घेतले. चष्मा पुसून, खिशातील पेन काढून, ते एकेक बाब वाचू लागले. पाया, भिंती, छत, विद्युतीकरण. फरशीपाशी पेन थांबले. "ग्रॅनाइट?" त्यांनी तो शब्द खोडला आणि वर बारीक अक्षरांत शहाबादी असे लिहिले. "दीड लाख तरी वाचतील."

"शहाबादी?" वकीलसाहेब वाकून पाहू लागले. "आबा, पलीकडच्या प्रभागातल्या सभागृहास ग्रॅनाइट आहे."

आबांनी माझ्याकडे पाहिले. मी कपातला उरलेला चहा पाहिला. तेव्हा त्यांनी शहाबादी खोडून त्याच्यावर पुन्हा ग्रॅनाइट लिहिले, आणि खाडाखोड झाली की करावयाच्याच असतात म्हणून समासात आपली आद्याक्षरे आणि तारीख घातली.